माश्यांच्या भावकीतल्या बाई

“वळा बघू जरा.”

कुणीही समोर येऊन उभं राहिलं की बाईंचं पहिलं वाक्य हे. मी बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून रुजू व्हायला गेलो, तेव्हा हातात नेमणुकीचा कागद, कपाळाला गंध आणि अंगात नवा कोरा शर्ट होता. बाईंनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. “वळा बघू जरा,” म्हणाल्या. मी वळलो. त्यांनी माझी पाठ मानेपासून पट्ट्यापर्यंत न्याहाळली. “हां. आता लक्षात राहील. तोंडं काय, सगळ्यांची सारखीच असतात.”

हा अपमान होता की स्वागत, हे मला चार-पाच महिने कळलं नाही. मग कळलं, की जन्मभर माश्यांच्या पाठी बघून बघून त्यांना ती खोडच लागली होती. नव्या प्राचार्यांनासुद्धा त्यांनी स्टाफरूममध्ये वळायला लावलं होतं. आणि प्राचार्य वळले. बाईंनी सांगितल्यावर न वळलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

त्यांची माशी तुम्हीही पाहिलेली आहे. पावसाळी पेरू चिरला की आत ज्या पांढऱ्या अळ्या वळवळतात ना, त्यांची ती आई. घरातल्या माशीपेक्षा किंचित लहान, कमरेत बारीक, पाठीवर दोन पिवळे पट्टे, पोटावर इंग्रजी टी अक्षरासारखी काळी खूण. आपण तिला फळमाशी म्हणतो, एक शिवी हासडतो आणि पेरू गुरांपुढे टाकतो. बाईंचं म्हणणं असं, की ती एक माशी नव्हेच. ती भावकी आहे.

“आशियाभर पसरलीय ही भावकी,” त्या पहिल्या तासाला पोरांना सांगायच्या. “आपल्या इंदापूरपासून पार तिकडं फिलिपिन्सपर्यंत. सगळ्यांची नाकं सारखी, सगळ्यांचं आडनाव एक, आणि कुणाचा बांध कुठं संपतो ते कुणालाच ठाऊक नाही.”

बांधावरून भांडणं मात्र माश्या करत नव्हत्या, शास्त्रज्ञ करत होते. कुणी एकाच माशीला चार देशांत चार नावं देऊन ठेवलेली. कुणी चार माश्यांना एकाच नावाच्या पोत्यात कोंबलेलं. पायाच्या रंगावरून, पंखाच्या कडेवरच्या रेघेवरून, तोंडावरचे दोन ठिपके एकमेकांना टेकतात की नाही यावरून मोठमोठी माणसं आयुष्यभर एकमेकांशी अबोला धरून होती. बाई त्या भांडणात बारामतीतून उतरल्या होत्या. आमच्याकडे एक जुनी सूक्ष्मदर्शी होती, तिचा एक स्क्रू दोऱ्यानं बांधलेला होता. एवढ्या भांडवलावर.

बाई मूळच्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या, उसातल्या. आवाज असा, की प्रयोगशाळेत हाक मारली तर फाटकावरचा वॉचमन ओ देई. नवरा लवकर वारलेला, मुलगी पुण्याला नोकरीत. घरी एकट्या. पण ‘बिचारी’ हा शब्द त्यांच्या आसपास कुठं बसायला जागा नव्हती. कॉलेजातली यच्चयावत मंडळी मला जशी ‘मामा’ म्हणायची तशा त्याही म्हणायच्या. त्या माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या होत्या, पण ते नातं काही मी त्यांना समजावून सांगायला गेलो नाही.

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी अख्खा इंदापूर तालुका फिरलो आहे. पुढे बाई, मागे मी, माझ्या मांडीवर प्लास्टिकच्या बरण्या. बरणीला भोक, आत ठेचलेला काळ्या तुळशीचा पाला. त्या वासाला माशीचे नर धावतात. तुळस बाई स्टाफ क्वार्टर्समधल्या वृंदावनांतून ओरबाडून आणायच्या. एका प्राध्यापकांच्या सौभाग्यवतींनी विचारलं, “देवाची तुळस, आणि माश्यांना घालता?” बाई म्हणाल्या, “नर आहेत हो. वास आला की निघाले. स्टाफरूममध्ये भजी आली की काय होतं, विचारा तुमच्या ह्यांना.”

मादी मात्र बरणीत येत नाही. ती हवी असेल तर किडका पेरू आणावा लागतो. इथं आमची पंचाईत झाली. शेळगावात एका आबांची पेरूची बाग होती. बाईंनी तिथं जाऊन सांगितलं, “आबा, किडके पेरू द्या. जितके किडके तितके बरे.” आबांनी होकार दिला आणि क्रेट भरून दिला. आम्ही आणला. वाळूच्या पेट्यांवर मांडला. आठ दिवस वाट बघितली. एक अळी वाळूत उतरली नाही. पेरू नुसते पिकून गोड झाले आणि शेवटी मुलांनी खाल्ले.

पुन्हा गेलो. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाई बांधावरच फतकल मारून बसल्या.

“आबा, मी किडके मागते आणि तुमी चांगले का देता?”

आबा खाली बघत म्हणाले, “बाई, किडकं फळ आमी गुरांस्नी घालतो. मास्तरीण दारात आल्याली, तिच्या वटीत किडकं घालून गावात त्वांड कसं दाखवू? आमची मंडळी मला घरात घ्यायची न्हाय.”

“अवो, मला अळीच पायजे!”

“आसंल. पर माझ्या हातनं न्हाय हुयाचं.”

शेवटी तोड निघाली. आबांनी चांगल्या पेरूंचा क्रेट रीतीप्रमाणे बाईंच्या हातात द्यायचा, आणि मग ते पाठ करून चिलमीला बसले की मी झाडाखालचे सडके गोळा करायचे. आबांनी कधी वळून बघितलं नाही. पण पुढच्या खेपेला पाहिलं तर सडके पेरू झाडाखाली नीट ढीग करून ठेवलेले होते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, तिकडं येतो. टाळत होतो, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

पेरूतली अळी वाळूत उतरते, तिचा कोष होतो, आणि एका सकाळी त्यातून माशी निघते. निघते ती कोवळी. अंग फिकट, पंख मऊ, पोटावरची काळी खूण जेमतेम. तिला चार-पाच दिवस साखरपाणी पाजून जगवायचं. मग रंग भरतो. मगच तिला फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून मारायचं, टाचणीवर घ्यायचं, आणि खाली चिठ्ठी लावायची: कुठला पेरू, निघाली कधी, मारली कधी. बाई वर्गात इतर कशालाही हसायच्या, पण चिठ्ठीच्या बाबतीत त्यांना गंमत चालत नसे. “माशी खोटं बोलत नाही आणि चिठ्ठी खोटं बोलता कामा नये,” असं त्या म्हणायच्या. साखरपाण्याचं आणि चिठ्ठीचं काम माझ्याकडे होतं.

त्या वर्षी शेळगावच्या पेरूंतल्या माश्या नेमक्या गौरी यायच्या दिवशी सकाळी निघाल्या. एकवीस. कॉलेजला सुट्टी. बाई मुलीकडे पुण्याला. आणि माझं घर लासुर्ण्याला. दुसऱ्या दिवशी गौरी जेवणार, घरात सोळा भाज्यांची धांदल, पाहुणे आलेले, बायकोचा दर तासाला फोन: “समद्यांचे नवरे आल्यात. तुमच्या माश्या काय गौरीपरीस मोठ्या हायत व्हय?” पाच दिवस रोज लासुर्ण्याहून बारामतीला येऊन एकवीस माश्यांना साखरपाणी पाजायचं, हे मला त्या क्षणी जगातलं सगळ्यात मूर्खपणाचं काम वाटलं. दुपारी डबी बर्फात टाकली. चिठ्ठ्यांवर पाच दिवस पुढची तारीख घातली. सुवाच्य अक्षरात. आणि गाडीला किक मारली.

सुट्टी संपली. दोन दिवसांनी बाईंची हाक आली. मला वाटलं, पकडलो गेलो. आत गेलो तर त्या सूक्ष्मदर्शीला डोळा लावून एका हातानं टेबल बडवत होत्या.

“मामा! ही आपल्यातली न्हाय! पोटावर टी न्हाय, पट्टे फिके, एकवीसच्या एकवीस सारख्या! पाच दिवसांच्या, रंग भरलेल्या, आणि तरी अशा!”

तेव्हा सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “अस्सं?”

त्यानंतर दोन वर्षं आम्ही ती माशी शोधली. शेळगाव, लासुर्णे, नीरेच्या काठची एकूण एक बाग. स्कूटरची दोन टायरं बदलली. अर्थात मिळाली नाही. मिळणार कुठून? प्रत्येक वेळी रिकाम्या हातानं परत येताना बाई म्हणायच्या, “दुर्मीळ असणार,” आणि मागच्या सीटवर मी बरण्या घट्ट धरून बसायचो. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डीएनए तपासायला माशीचे पाय पाठवले. अहवाल आला, ही नेहमीच्या माशीशीच जुळते. मला सुटल्यासारखं झालं. पण बाईंनी तो अहवाल उडवून लावला. “या भावकीत ते जुळतंच. रक्त तपासून जावा-जावांची भांडणं मिटली असती तर कोर्टं बंद पडली असती.”

रक्ताचा आणि जावांचा संबंध काय, हे मी विचारलं नाही. बाई आनंदात होत्या. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी नावं दिलेल्या माश्या ओळखल्या होत्या. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली. या भावकीत एक घर आपण दाखवलेलं असावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी कधी बोलून दाखवली नव्हती. पण त्या लेख लिहायला बसल्या की गुणगुणायच्या. बाईंना गाता येत नव्हतं. ते ऐकणं हीसुद्धा शिक्षाच होती.

मग एक दिवस म्हणाल्या, “नाव ठरलं. तुमचं आडनाव लावणार. लॅटिनचं शेपूट जोडून. तुमी पाळल्या म्हणून तर मिळाल्या.”

मी नको म्हणालो. त्यांना तो विनय वाटला.

घरी सांगायला नको होतं, पण सांगितलं. बायको आधी म्हणाली, “इतकी वरसं कालेजात घालवून शेवटी माशीला नाव?” आणि संध्याकाळपर्यंत तिनं अख्ख्या लासुर्ण्याला सांगितलं. पुतण्याला तर चेवच चढला. बाईंचा लेख पाठवायच्या आदल्या दिवशी त्यानं मला मोबाइलवर फ्लेक्सचा नमुना पाठवला. एका बाजूला फेटा बांधलेला मी, दुसऱ्या बाजूला माझ्याएवढीच माशी, आणि मध्ये: ‘आंतरराष्ट्रीय माशीला गावच्या सुपुत्राचं नाव! हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो. यातल्या निम्म्यांना आपण कशाला शुभेच्छा देतोय हे माहीत नव्हतं.

ते चौदा चेहरे बघितले आणि मी मोबाइलच बंद करून टाकला. दुपारी प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं. बाई शेवटचं काही तपासत होत्या.

“बाई, त्या माश्या पाच दिवसांच्या नव्हत्या.”

त्यांनी डोळा उचलला नाही. “किती तासांच्या?”

“सकाळी निघालेल्या. दुपारी बर्फात टाकल्या.”

“सहा?”

“सहाच असतील. गौरी होत्या घरी. चिठ्ठी मी खोटी लिहिली.”

बाईंनी वहीत सहाचा आकडा लिहिला. त्याभोवती गोल केला. मग डोळा उचलून माझ्याकडे बघितलं.

“पुरणपोळी होती?”

“होती.”

“बरी झालेली का?”

त्या हसल्या. नेहमीचं फाटकापर्यंत जाणारं हसू नव्हतं ते.

“मामा, मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. पंखांच्या कडा मऊ होत्या. पोरांना मी पहिल्याच तासाला शिकवते, पंख मऊ म्हणजे माशी कोवळी.”

“मग मला विचारलं का नाही?”

“विचारलं असतं तर तुमी खरं सांगितलं असतं.”

खिडकीबाहेर पोरं क्रिकेट खेळत होती. बाईंनी सूक्ष्मदर्शीवर कापड घातलं. “चहा सांगा. आणि तो फ्लेक्स थांबवा आधी,” म्हणाल्या. फ्लेक्सचं त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. चहा प्यायल्या, पाच वाजता पर्स उचलली, स्कूटर काढली, गेल्या.

दुसऱ्या दिवशी दहाला आल्या त्या एकवीस नव्या चिठ्ठ्या घेऊनच. बारीक अक्षरात प्रत्येकीवर लिहिलेलं: ‘वय सहा तास. रंग आलेला नाही.’ आणि खाली, पाळणारा म्हणून माझं नाव. जुन्या चिठ्ठ्याही त्यांनी काढल्या नाहीत. खोटी वर, खरी खाली, अशा दोन्ही त्याच टाचणीवर टोचून ठेवल्या. मी म्हणालो, वरची फाडा तरी. “का? तीही घडलीच की,” म्हणाल्या.

मोठा लेख कपाटात गेला. त्याऐवजी आम्ही पुढच्या हंगामात कोष आणून माश्या निघाल्यापासून दर सहा तासांनी एक-एक बर्फात टाकली, पाचव्या दिवसापर्यंत, आणि या भावकीतल्या माशीला रंग कसकसा चढतो ते मांडलं. दोन पानांचं टिपण. एका लहानशा नियतकालिकात छापून आलं. बाईंच्या नावाखाली माझं नाव होतं. फ्लेक्स लागला नाही. पुतण्या महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

बाई निवृत्त झाल्या. त्यानंतर दोन वर्षांनी त्यांना पोटाचं दुखणं लागलं आणि ते वाढतच गेलं. त्या बारामतीतच एका दवाखान्यात होत्या तेव्हा कॉलेजच्या पत्त्यावर एक ईमेल आली. आमच्या विभागातल्या नव्या मॅडमनी ती मला मराठीत सांगितली. व्हिएतनाममधल्या कुणा तरुण संशोधकानं आमचं टिपण वाचलं होतं. त्यांच्याकडे एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं फार पूर्वी पेरूतल्या फिकट माश्यांना वेगळी जात म्हणून नाव दिलेलं. या पोरानं त्या पुन्हा तपासल्या. कोवळ्या निघाल्या. ती जात आता यादीतून काढून टाकली. आभार.

मी कागद घेऊन धावत दवाखान्यात गेलो. मला वाटलं, बाईंना इतका आनंद होईल की पलंग बडवतील. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “चला. भावकीतला एक खोटा वारस कमी झाला.” आणि हसल्या.

“तो म्हातारा हयात आहे का?”

“आहे म्हणे. निवृत्त आहे.”

“कागद घ्या, मामा.”

त्या मराठीत सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. नव्या मॅडम नंतर इंग्रजी करून देणार होत्या. पत्र असं होतं: ‘सप्रेम नमस्कार. तुमची माशी माझ्या टिपणामुळे गेली. वाईट वाटून घेऊ नका असं मी म्हणणार नाही. वाटणारच. माझीही गेली होती. नाव ठरलं होतं तिचं. ती गेली त्या दिवशी मी घरी आले आणि’

इथं सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या. बाईंनी दंड पुढे केला आणि मला म्हणाल्या, “उरलेलं उद्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला.

पत्र मी पंधरा दिवस खिशात बाळगलं. मग नव्या मॅडमना म्हणालो, जसं आहे तसं पाठवा. त्यांनी पाठवलं. बाई गेल्याचं कळवायला हवं होतं, ते मला लिहवलं नाही.

म्हाताऱ्याचं उत्तर आलं. चार ओळींचं. मॅडमनी वाचून दाखवलं. त्यानं लिहिलं होतं: ‘तुमचं पत्र मिळालं. वाक्य अर्धं राहिलं आहे. घरी येऊन तुम्ही काय केलंत ते कृपया कळवा. माझी माशी गेल्याला तीन महिने झाले, आणि काय करावं ते मला अजून सुचलेलं नाही.’

मी बाईंच्या मुलीला विचारलं. तिला त्या माशीचंच काही माहीत नव्हतं. आई कधी बोलली नाही, म्हणाली. शेजारणीला विचारलं, तिला दिवस आठवेना. मी काय लिहू? पाचला त्या स्कूटरवरून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी दहाला एकवीस चिठ्ठ्या घेऊन आल्या, एवढंच मला ठाऊक आहे. पुढे किती वर्षं त्यांच्यासोबत काढली, रोज चहा प्यायलो, आणि एकदाही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी काय केलं, ते मात्र मला लख्ख आठवतं. बाई रागावल्या नाहीत या आनंदात मी घरी गेलो, दोन भाकरी जास्त खाल्ल्या, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा गाढ झोपलो.